२१४७४८३६४७ : ही संख्या नेमकी आहे तरी कोण?

पारिजातक
मंडळी, गणितवाल्यांसाठी प्रश्न आहे. आमच्या काकांच्या पतसंस्थेची सभासद यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. जुन्या सॉफ्टवेअरवाल्याने दिलेली एक्सेल शीट उघडली, तर मोबाइलच्या रकान्यात सगळ्या सभासदांपुढे एकच नंबर: २१४७४८३६४७. अध्यक्षांपुढे तोच, शिपाईमामांपुढे तोच, आणि हयात नसलेल्या दोन संस्थापकांपुढेही तोच. काकांचं म्हणणं, कुणीतरी मुद्दाम चावटपणा केलाय. पण आपल्याकडे २ ने सुरू होणारा मोबाइल नंबर असतोच कुठे?

म्हणून ही संख्या गूगलवर टाकली, तर भलतंच निघालं. आठवी मेर्सेन मूळ संख्या काय, ऑयलर काय, परिपूर्ण संख्या काय. डोक्यावरून गेलं सगळं. माझं गणित दहावीच्या भाग १ बरोबर संपलं. तेव्हा दोन गोष्टी सांगा: हीच संख्या का? आणि ही एवढी नावाजलेली का?

डेटाबाबा
काकांना सांगा, चावटपणा नाही, आळस आहे. ज्याने तो डेटाबेस बांधला त्याने मोबाइलच्या रकान्याला पूर्णांकाचा साधा प्रकार दिला, ज्याला आम्ही ‘इंट’ म्हणतो. त्याला ३२ बिट जागा मिळते. एक बिट धन-ऋण चिन्हासाठी जातं, उरली ३१. या ३१ घरांत सगळीकडे १ भरला की मिळते २^३१ − १, म्हणजे २१४७४८३६४७. त्या रकान्यात याहून मोठी संख्या मावत नाही.

आता आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ नाहीतर ९ ने सुरू होतात. म्हणजे लहानात लहान नंबरसुद्धा संख्या म्हणून ६०० कोटींच्या वर. मर्यादा २१४ कोटींची. मायएसक्यूएल (डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर) जर ढिल्या सेटिंगवर चालत असेल तर ते मोठी संख्या नाकारत नाही, मर्यादेपाशी छाटतं आणि कुठेतरी कोपऱ्यात एक वॉर्निंग लिहून ठेवतं. ती वॉर्निंग कोणी वाचत नाही. चिन्हाचं बिट वाचवलं तरी मर्यादा ४२९ कोटींपर्यंतच जाते, त्यामुळे तोही उपाय कामाचा नव्हता. मोबाइल नंबर ही बेरीज-वजाबाकी करायची गोष्टच नाही, तो मजकूर म्हणून साठवायचा असतो.

वाईट बातमी: त्या शीटमधून खरे नंबर परत मिळणार नाहीत. छाटलेलं गेलं. सभासदत्वाचे कागदी फॉर्म शोधा.

खवचट
वा! सगळ्या सभासदांना एकाच नंबरावर मेसेज. सहकाराचा परमोच्च बिंदू. (ह. घ्या.)

गुरुजी_निवृत्त
पारिजातकताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. दुसऱ्याचं मी देतो, जरा सावकाश वाचा.

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः सोडून तिला विभाजक नाही. मूळ संख्या असंख्य आहेत, तेवढ्याने काही कोणी नावाजत नाही. पण २ चा कुठलातरी घात घेऊन त्यातून १ वजा केल्यावर मूळ संख्या मिळणं हे दुर्मीळ आहे. अशांना मेर्सेन मूळ संख्या म्हणतात. आजवर फक्त ५२ सापडल्या आहेत. पहिल्या आठ अशा: ३, ७, ३१, १२७, ८१९१, १३१०७१, ५२४२८७ आणि ही तुमची.

दुर्मीळ का, ते दोनच्या पायात, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून, लिहून पाहिलं की दिसतं. २^१५ − १ म्हणजे पंधरा एकांची रांग. तिचे तीन-तीनचे गट पाडा: १११ १११ १११ १११ १११. उघडच आहे की १११ ने, म्हणजे ७ ने, भाग जाणार. पाच-पाचचे गट पाडा, ३१ ने भाग जाणार. म्हणजे रांगेची लांबी संयुक्त असेल तर संख्याही संयुक्त. लांबी मूळ असेल तरच काही आशा. ३१ एकांच्या रांगेचे सारखे गट पडत नाहीत.

बारावी_ब
सर, म्हणजे घातांक मूळ असला की संख्या मूळ असणारच, बरोबर ना?

गुरुजी_निवृत्त
नाही. २^११ − १ करून बघ.

बारावी_ब
२०४७. हां, २३ × ८९.

गुरुजी_निवृत्त
शाब्बास. आणि इथेच मोठमोठे लोक घसरले. इटलीच्या कातालदीने १७ आणि १९ या घातांकांचा हिशेब बरोबर केला आणि पुढे २३, २९, ३१, ३७ हेही चालतात असं सांगून टाकलं. १६४० मध्ये फर्माने दाखवलं की २^२३ − १ ला ४७ ने आणि २^३७ − १ ला २२३ ने भाग जातो. २९ चा निकाल ऑयलर या गणितज्ञाने लावला, त्याला २३३ ने भाग जातो. चारांपैकी एकटा ३१ टिकला. तरी तो खरंच टिकतो याची ऑयलरची सिद्धता यायला १७७२ उजाडलं. ज्या मेर्सेनचं नाव या संख्यांना आहे त्या पाद्र्याने १६४४ मध्ये आपली यादी छापली. तीतही ६७ आणि २५७ हे दोन घातांक चुकीचे आहेत, आणि ६१, ८९, १०७ हे राहून गेले आहेत. नाव मात्र त्याचंच राहिलं.

डेटाबाबा
गुरुजी, दंडवत. एक भर घालतो. आमच्याकडे ८, १६, ३२, ६४, १२८ बिटांचे पूर्णांक असतात. चिन्हाचं बिट काढलं की मर्यादा अनुक्रमे २^७ − १, २^१५ − १, २^३१ − १, २^६३ − १ आणि २^१२७ − १. यातली पहिली, तिसरी आणि पाचवी मूळ आहे. १५ आणि ६३ हे घातांकच संयुक्त असल्यामुळे दुसरी आणि चौथी बाद. ६४ बिटवाल्या मर्यादेला तर ७ नेच भाग जातो. म्हणजे पारिजातकताईंच्या शीटमध्ये जी संख्या आली ती मूळ निघाली हा निव्वळ योगायोग. ३२ बिट ठरवताना कोणी मूळ संख्येचा विचार केला नव्हता.

मी_वाचनमात्र
वाचनखूण साठवली आहे. गुरुजी, ऑयलरने ते कसं केलं? दोन अब्जांची संख्या, कॅल्क्युलेटर नाही. वर्गमूळ साधारण ४६३४१ म्हणजे तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं?

गुरुजी_निवृत्त
सगळ्यांनी भागायचं म्हटलं तर चार हजारांवर भागाकार होतात. आणि १७७२ साली ऑयलर सेंट पीटर्सबर्गला होते, पासष्टीच्या घरात, आणि दृष्टी जवळजवळ गेलेली. त्यांनी आधी विचार केला, मग भागाकार.

समजा ‘भ’ ही मूळ संख्या २^३१ − १ ला भागते. म्हणजे भ ने भागल्यावर २^३१ ची बाकी १ उरते. ३१ मूळ असल्यामुळे याहून लहान घाताला बाकी १ येऊ शकत नाही, आणि फर्माच्या छोट्या प्रमेयाने भ − १ ला ३१ ने भाग जायलाच हवा. भ विषम आहे, म्हणून भ − १ ला ६२ ने भाग जातो. झालं, विभाजक ६२क + १ याच रूपाचा हवा. दुसरी गाळणी: २^३२ ची बाकी २ येते, आणि २^३२ हा तर २^१६ चा वर्ग. म्हणजे भ च्या जगात २ ही वर्गसंख्या आहे. हे तेव्हाच घडतं जेव्हा भ ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरते. दोन्ही गाळण्या एकत्र केल्या की फक्त २४८क + १ आणि २४८क + ६३ या रूपाचे उमेदवार उरतात.

क १ पासून घेतला तर ४६३४० च्या आत असे किती? ३७२. (क शून्य घेतला तर ६३ येतो, तो संयुक्तच.) त्यातले संयुक्त पुन्हा गळतात. सुरुवातीचे बघा: २४९ ला ३ ने भाग जातो, सोडा. ३११ मूळ आहे, भागून पाहा: भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. नाही गेला. ४९७ म्हणजे ७ × ७१, सोडा. ५५९ म्हणजे १३ × ४३, सोडा. ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१ सगळे संयुक्त. मग थेट १३०३: बाकी २२६. बघा, तेराशेपर्यंत पोचलो आणि खरे भागाकार फक्त दोन झाले. हेच चिकाटीने शेवटपर्यंत न्यायचं. सगळीकडे बाकी उरली, की संख्या मूळ. बर्नूलींना लिहिलेल्या पत्रात ऑयलरने हे कळवलं.

मी वर्गात हे शिकवायचो तेव्हा मुलांना भागाकार वाटून द्यायचो. एका तासात अर्धी मजल व्हायची, मग घंटा.

बारावी_ब
सर, मी मोबाइलवर प्रोग्राम लिहिला. ३७२ च्या ३७२ उमेदवारांना बाकी उरते. वेळ लागलाच नाही.

खवचट
बाळा, ऑयलरला तुझा मोबाइल दे आणि तू त्यांचं डोकं घे. सौदा कसा वाटतो?

पारिजातक
गुरुजी, ६२क + १ पर्यंत समजलं. ‘भ च्या जगात वर्गसंख्या’ इथे माझी गाडी अडली, पण चालेल. गूगलवर परिपूर्ण संख्या असंही काहीतरी होतं, ते काय?

गुरुजी_निवृत्त
ते सोपं आहे. ६ चे स्वतःहून लहान विभाजक १, २, ३. बेरीज ६. तसंच २८: १ + २ + ४ + ७ + १४ = २८. स्वतःच्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकी, ती परिपूर्ण संख्या. युक्लिडने दाखवलं की मेर्सेन मूळ संख्या मिळाली की एक परिपूर्ण संख्या मिळतेच. तुमच्या संख्येला २^३० ने गुणा: २३०५८४३००८१३९९५२१२८. ही एकोणीस अंकी, आठवी परिपूर्ण संख्या. सम परिपूर्ण संख्या सगळ्या अशाच असतात हे पुढे ऑयलरने सिद्ध केलं. विषम परिपूर्ण संख्या आजतागायत कोणाला सापडलेली नाही, आणि ती नसतेच असंही कोणी सिद्ध केलेलं नाही.

१८११ साली पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने आपल्या पुस्तकात लिहिलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडणार नाही. कारण काय, तर या संख्या नुसत्या कुतूहलाच्या आहेत, उपयोग काही नाही, त्यामुळे पुढची शोधायच्या फंदात कोणी पडणार नाही. गणिताचा अंदाज म्हणून नाही, माणसांच्या स्वभावाचा अंदाज म्हणून तो साफ चुकला. १८७६ मध्ये ल्यूकाने २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं, ती ३९ अंकी आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात जी मेर्सेन संख्या जाहीर झाली तिचा घातांक १३६२७९८४१, आणि अंक चार कोटी दहा लाखांवर. त्यांचाही तसा उपयोग काही नाही.

डेटाबाबा
अवांतर: या शर्यतीत २१४७४८३६४७ बराच काळ पुढे होती. १८६७ मध्ये लांद्रीने २^५९ − १ चे अवयव पाडले, १७९९५१ × ३२०३४३१७८०३३७. त्यातला दुसरा मूळ निघाला, तो हिच्याहून कितीतरी मोठा. त्याआधी कित्येक दशकं जगातली सर्वांत मोठी माहीत असलेली मूळ संख्या हीच होती.

आणि ‘उपयोग काही नाही’ याला माझी हरकत. यादृच्छिक संख्या बनवायची एक जुनी रीत आहे: हातातल्या संख्येला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी घ्या. तीच पुढची संख्या. १ पासून सुरुवात केली तर १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३... १६८०७ म्हणजे ७^५. भाजक मूळ आहे आणि १६८०७ हा त्याचा आद्य मूलांक (ज्याचे घात घेत गेलं की शून्य सोडून सगळ्या बाक्या मिळतात असा) आहे, म्हणून ही साखळी १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतच्या सगळ्या संख्यांना एकेकदा शिवून मगच पुन्हा १ वर येते. १९६९ मध्ये आयबीएमच्या मशीनसाठी ही सुचवली गेली, १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी तिला किमान दर्जा म्हणून पुढे केलं. त्यांनी ताळाही दिला: १ पासून दहा हजार वेळा करा, १०४३६१८०६५ यायला हवेत. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हे पडताळलं होतं, आले. आता याहून चांगल्या रीती आहेत, पण कित्येक वर्षं जगभरची सिम्युलेशन्स याच भाजकावर चालली.

मी_वाचनमात्र
एवढ्या वेळा दोन अब्जांनी भागायचं, संगणकालाही जड नाही का जात?

डेटाबाबा
भागायचं नाहीच, तीच गंमत. शाळेतला नवाचा ताळा आठवा. ९ ने भागल्यावरची बाकी हवी तर अंकांची बेरीज करायची, कारण ९ हा १० पेक्षा एकाने कमी. २^३१ − १ हाही २^३१ पेक्षा एकाने कमी. तेव्हा मोठ्या संख्येचे ३१-३१ बिटांचे तुकडे पाडायचे आणि बेरीज करायची. बाकी हातात.

बारावी_ब
हे वापरून ल्यूका-लेमर कसोटी (मेर्सेन संख्या मूळ आहे का ते ठरवणारी) हाताने केली, १२७ साठी. ४ पासून सुरू, वर्ग करून २ वजा, १२७ ने बाकी. ४, १४, मग १९४ ची बाकी ६७. ६७ चा वर्ग वजा २ म्हणजे ४४८७. त्यात १२८ चे ३५ गट आणि वर ७, बेरीज ४२. पुढे १७६२, १२८ चे १३ गट आणि वर ९८, बेरीज १११. पुढे १२३१९, ९६ गट आणि वर ३१, बेरीज १२७, म्हणजे बाकी शून्य! पाचव्या पायरीला शून्य आलं, म्हणून १२७ मूळ. ३१ घातांकासाठी २९ पायऱ्या लागतात. त्या हाताने करणार नाही, बोर्डाची परीक्षा आहे.

गुरुजी_निवृत्त
परीक्षेत हे विचारत नाहीत याचं मला नेहमी वाईट वाटतं. जाता जाता, तू वर्गीकरणं विचारली असतीस म्हणून लिहून ठेवतो. जोडमूळ नाही: दोनने लहान असलेल्या २१४७४८३६४५ ला ५ ने भाग जातो, दोनने मोठी असलेल्या २१४७४८३६४९ ला ३ ने. सोफी जेर्मेन मूळही नाही, कारण दुप्पट करून १ मिळवला की ४२९४९६७२९५ येते आणि ती संयुक्त आहे. पण काय देखणी संयुक्त! ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. आजवर माहीत असलेल्या पाचही फर्मा मूळ संख्यांचा (२ च्या घातात १ मिळवून येणाऱ्या विषम मूळ संख्यांचा) गुणाकार. गाउसच्या प्रमेयानुसार इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासने काढता येतो, आणि विषम बाजूंच्या बहुभुजांत याहून मोठा काढता येणारा आपल्याला माहीत नाही. काढायला बसू नका.

नाशिककर
एवढा वेळ थांबलो, म्हटलं कोणीतरी आमच्या कापरेकर मास्तरांचं नाव काढेल. नाही काढलं. ठीक आहे, मीच काढतो.

द. रा. कापरेकर, जन्म १९०५ डहाणूचा, हयात गेली देवळालीच्या शाळेत गणित शिकवण्यात. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक त्यांचा, हे सगळ्यांना ठाऊक. पण त्यांचं दुसरं लाडकं काम म्हणजे देवळाली संख्या. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ मध्ये ५ मिळवले, २८ झाले. म्हणजे २८ चा जनक २३. काही संख्यांना जनकच नसतो: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२... या स्वयंभू, म्हणजेच देवळाली संख्या. आणि काहींना दोन-दोन जनक असतात, त्यांना मास्तर जंक्शन म्हणत. सर्वांत लहान जंक्शन १०१: ९१ मध्ये १० मिळवा, १०० मध्ये १ मिळवा, दोन्ही गाड्या १०१ वर. (देवळालीहून मनमाड काही लांब नाही, जंक्शन सुचणारच.)

काल रात्री कागद घेऊन २१४७४८३६४७ चे जनक शोधले. पहिले सात अंक २१४७४८३, त्यांची बेरीज २९. शेवटच्या तीन अंकी तुकड्यात त्याच्या अंकांची बेरीज मिळवून ६४७ − २९ = ६१८ यायला हवेत. ५९७ + २१ = ६१८. आणि ६०६ + १२ = ६१८. तिसरा तुकडा नाही. म्हणजे २१४७४८३५९७ आणि २१४७४८३६०६ असे दोन जनक. जंक्शन!

मग मागच्या सातही तपासल्या. ३, ७, ३१ स्वयंभू. १२७ चा जनक १२२, ८१९१ चा ८१६८, १३१०७१ चा १३१०६०, ५२४२८७ चा ५२४२६४, प्रत्येकी एकच. मेर्सेन मूळ संख्यांत पहिलं जंक्शन म्हणजे पारिजातकताईंची संख्या. शिवाय घातांक ३१ हा स्वतः देवळाली संख्या.

खवचट
नाशिककर, मेहनतीला सलाम. पण हे गणित की करमणूक? अंकांची बेरीज ही संख्येची नाही, आपल्या लिहिण्याच्या पद्धतीची गोष्ट. माणसाला दहा बोटं म्हणून दहाचा पाया. आठ बोटं असती तर तुमचं जंक्शन उठून गेलं असतं. मूळ असणं कुठल्याही पायात मूळच राहतं. वर गुरुजींनी सांगितलेलं सगळं पायाच्या पलीकडचं आहे, हे तसं नाही.

नाशिककर
हेच मास्तरांना आयुष्यभर ऐकवलं लोकांनी. विद्यापीठातल्यांनी नाकं मुरडली. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने आपल्या गणिताच्या सदरात लिहिलं तेव्हा कुठे बाहेर नाव झालं, तोवर मास्तर सत्तरीला आले होते. आणि गुरुजींची ‘एकांची रांग’ ही सुद्धा लिहिण्याचीच पद्धत आहे की. ती चालते, आमची नाही?

गुरुजी_निवृत्त
खवचट यांचा मुद्दा खरा आहे आणि नाशिककरांचाही. एकांची रांग पायावर अवलंबून आहे, पण तिच्यामुळे अवयव दिसतात. तोच निकष लावू. अंकांच्या बेरजेतून काही दिसतं का ते बघायचं असेल तर दोनच्या पायात या, तिथे या संख्येचं खरं घर आहे.

दोनच्या पायात अंकांची बेरीज म्हणजे एकांची मोजदाद. आपली संख्या ३१ एकांची. तिच्यातून ‘क’ वजा करा. हातचा कुठेच घ्यावा लागत नाही, क मध्ये जिथे १ तिथे शून्य होतं, बाकी तसंच. म्हणजे उरलेल्या संख्येत ३१ वजा क मधले एक, इतके एक राहतात. ही उरलेली संख्या जनक व्हायची तर तिच्यातल्या एकांची मोजदाद बरोबर क हवी. म्हणजेच क अधिक क मधले एक बरोबर ३१. दुसऱ्या शब्दांत, क हा ३१ चा जनक हवा! दोनच्या पायात २^३१ − १ ला तितकेच जनक, जितके ३१ ला. दोन अब्जांचा प्रश्न एकतीसवर आला. ३१ च्या जागी कुठलाही घातांक ठेवा, हेच चालतं.

आता ३१ चे शोधा. २७ म्हणजे ११०११, चार एक, बेरीज ३१. २८ म्हणजे १११००, तीन एक, बेरीज ३१.

बारावी_ब
दोन! म्हणजे २१४७४८३६२० आणि २१४७४८३६१९. सर, दोनच्या पायातही जंक्शन!!

नाशिककर
🙏🙏 गुरुजी, हे मास्तरांना दाखवायला हवं होतं.

खवचट
सिद्धता आवडली, कबूल. योगायोग मात्र योगायोगच. आठ बोटांचं मी बोललोच आहे, तर आठच्या पायात काय होतं?

डेटाबाबा
तीच युक्ती चालते. आठच्या पायात संख्या म्हणजे १ आणि पुढे दहा सात, अंकांची बेरीज ७१. क अधिक क च्या अंकांची बेरीज ७१ हवी. ६० म्हणजे आठच्या पायात ७४, अंकांची बेरीज ११, एकूण ७१. ६७ म्हणजे १०३, अंकांची बेरीज ४, एकूण ७१. दोन जनक: २१४७४८३५८७ आणि २१४७४८३५८०. खवचटराव, आठ बोटं असती तरी जंक्शन जागेवरच.

खवचट
सोळाच्या पायात करा. तुम्ही संगणकवाले दिवसभर त्यातच लिहिता ना.

डेटाबाबा
करतोय. सातनंतर सात एफ. बेरीज ७ + १०५ = ११२. क दोन अंकी, पहिला अंक अ, दुसरा ब. १७अ + २ब = ११२. अ सम हवा. अ = ६ घेतला तर ब = ५. अ = ४ घेतला तर ब = २२, तो चालत नाही. क = १०१, जनक एकच, २१४७४८३५४६.

खवचट
मिळाला एक पाया. आता झोपतो.

नाशिककर
२, ८, १० आमचे, १६ तुमचा. ३, ५, ७ उद्या बघतो.